कोरड्या डोळ्यांचे थेंब : कोणती बाटली घ्यावी?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचणे, संध्याकाळी जळजळ आणि मधूनच पाणी वाहणे. पाणी वाहते म्हणजे डोळा कोरडा नाही, असे मात्र नव्हे! शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनी, तासन्‌तास मोबाइल पाहणारी मुले, पन्नाशी ओलांडलेल्या अम्मी, अनेकांची ही तक्रार असते. मग दुकानात प्रश्न पडतो, स्वस्त बाटली घ्यावी की महाग?

आम्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचली. 'रिफ्रेश टिअर्स'मध्ये अर्धा टक्का कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असते, 'सिस्टेन अल्ट्रा'मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. सोडियम हायलुरोनेटचे थेंब बहुधा महाग असतात. नावे वेगळी, काम एकच : डोळ्यावर ओलावा टिकवणे. कॉक्रेन संस्थेने २०१६ साली ४३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बहुतेक कृत्रिम अश्रूंचा गुण जवळपास सारखाच दिसला. दाट जेल जास्त वेळ टिकते, पण काही वेळ धूसर दिसते. ते झोपतानाच घालावे.

किमतीपेक्षा, आमच्या मते, बाटलीतले प्रिझर्व्हेटिव्ह पाहावे. त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड असेल आणि थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर त्यानेच त्रास वाढू शकतो. अशा वेळी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागावेत.

खरा धोका वेगळाच आहे. लाली घालवणारे नॅफाझोलिनचे थेंब ओलाव्याचे नव्हेत. रोज वापरले तर लाली उलटून वाढते. घरात उरलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले असेल तर ते स्टिरॉइड. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

रमजानमध्ये हमखास विचारले जाते, थेंबांनी रोजा तुटतो का? जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली ठरवले की तुटत नाही. मात्र घशापर्यंत आलेले गिळू नये. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबला, तर औषध घशात फारसे उतरत नाही.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा, बहुतेक बाटल्या महिनाभरात टाकायच्या असतात. एक बाटली दोघांत वापरू नका. दुखणे, उजेड सहन न होणे किंवा नजर कमी होणे असेल, तर थेंब बदलत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.