राणी शीलवतीची रात्र आणि राजवाड्यांचे धुळे

प्राचीन किंवा मध्ययुगीन भारतात घडणारा आणि कामभावनेला मध्यवर्ती स्थान देणारा चित्रपट आला की दृश्ये किती धीट आहेत आणि वेशभूषा किती देखणी आहे, या दोनच प्रश्नांभोवती त्याची समीक्षा बहुधा फिरत राहते. मीरा नायर यांच्या १९९६ मधील ‘कामसूत्र’च्या वाट्याला हेच आले, भारतात सेन्सॉरच्या कात्रीचीच चर्चा गाजली, आणि परदेशी समीक्षकांनी छायालेखन वाखाणले तरी कथा त्यांच्यापैकी अनेकांना तोकडी वाटली.

अमोल पालेकर यांच्या ‘अनाहत’ (२००३) या मराठी चित्रपटाला हीच मोजपट्टी लावली, तर त्याचा गाभाच हातून निसटतो. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात राजा ओक्काक (अनंत नाग) संतती देण्यास असमर्थ असल्यामुळे राणी शीलवतीला (सोनाली बेंद्रे) राज्याच्या वारसासाठी एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडावा लागतो. पतीकडून अपत्य होत नसेल तर नेमलेल्या पुरुषापासून ते मिळवण्याच्या या प्रथेस नियोग म्हणतात. मनुस्मृतीत नियोगाचा विधी आहे आणि पुढे त्याचा निषेधही आहे. पण विधी सांगताना पुरुषाने अंगाला तूप माखून, रात्री, मौन पाळून जावे असे घातलेले बंधन पाहिले, की या भेटीत सुखाला जागाच उरू नये हा त्यामागचा हेतू स्पष्ट होतो. महाभारतातील अंबिका तर व्यासांना पाहून डोळेच मिटून घेते. शीलवती मात्र डोळे उघडून परतते, आणि केवळ मातृत्वासाठी पाठवलेल्या स्त्रीला स्वतःच्या देहाचा आनंद गवसला हे ती दरबारापुढे निःसंकोच सांगते. ‘अनाहत’चे खरे धाडस या सांगण्यात आहे आणि त्याची पारख करायला इतिहासाची जाण लागते.

ती जाण खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनात विवाह ही अनादी व्यवस्था नसून समाजाबरोबर बदलत आलेली संस्था आहे, असे वैदिक व पौराणिक आधारांनी मांडले, तेव्हा सनातनी वर्ग खवळून उठला. १९२६ च्या अखेरीस राजवाडे खानदेशातील धुळ्यातच निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. पूर्वजांच्या कामजीवनाकडे लाजेने किंवा लालसेने न पाहता अभ्यासाच्या नजरेने पाहण्याचा मराठीतील एक मोठा वारसा असा या गावाशी जोडलेला आहे, आणि चित्रपटसमीक्षेने तो आपला मानायलाच हवा.

त्या नजरेने पाहिले तर ‘अनाहत’मधील उणीवही दिसते: संवाद रंगमंचाचा भार पुरता टाकत नाहीत, आणि नगराचे जीवन राजवाड्याच्या भिंतींपलीकडे फारसे जाणवत नाही. तरीही महालात एकटा जागणारा ओक्काक विसरता येत नाही. आपण संमती दिलेल्या रात्रीचा एकेक प्रहर त्याला मोजावा लागतो, आणि राज्याला वारस देण्याचे ओझे राणीइतकेच त्यालाही चिरडत असल्याचे प्रेक्षकाला तेथे पहिल्यांदा उमगते.