सीमेअलीकडे कीं सीमेपलीकडे?
(महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांची शेतकऱ्याच्या दृष्टीनें तुलना)

कृष्णा, पंचगंगा व दूधगंगा या नद्यांच्या कांठच्या शेतकरी बंधूंत एक प्रश्न वारंवार निघतो. तो असा कीं, महाराष्ट्रांतील जमीन विकून त्याच पैशांत पलीकडे कर्नाटकांत थोडी अधिक जमीन घ्यावी व तिकडेच बिऱ्हाड करावें, हें हिताचें कीं अहिताचें? प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्यामुळें या प्रश्नाचा विचार भावनेनें न करितां कागद, पाणी, पैसा व संसार या चार अंगांनीं करावा असें वाटतें. सीमावादाचा मोठा प्रश्न येथें मुद्दाम बाजूस ठेविला आहे. त्याविषयीं महाराष्ट्र सरकारनें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा लावलेला आहे. आपला प्रश्न घरगुती आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, बेळगांव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यांतच होते. इंग्रजी अमदानींत १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत ज्या मोजणीचा आरंभ झाला, तीच पद्धत पुढें या मुलखांतही गेली. म्हणून सर्व्हे नंबर, एकर व ४० गुंठ्यांचा हिशेब सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे. बांध सारखे दिसतात म्हणून कायदाही सारखाच असेल, असें मात्र समजूं नये. बहुतेकांची फसगत होते ती येथेंच.

कागदपत्रें

आपल्याकडे ज्यास सातबारा म्हणतात, त्यास तिकडे पहाणी किंवा आर. टी. सी. म्हणतात. दप्तर यंत्रावर चढविण्याच्या कामीं कर्नाटक आपल्या पुढें होतें, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. तेथील 'भूमी' योजनेनें या शतकाच्या आरंभींच हस्तलिखित पहाणी मागें टाकली. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा २०१८ सालीं मिळूं लागला. तिकडे नंबराचा कांहीं भाग विकावयाचा असल्यास, खरेदीखतापूर्वीं त्या तुकड्याचा मोजणी नकाशा करून घ्यावा लागतो. त्यास '११ ई' नकाशा म्हणतात. ही रीत उत्तम होय. आपल्याकडे खरेदी आधीं व मोजणी मागाहून, आणि मग जन्मभर बांधाचा तंटा, असे प्रकार थोडेथोडके नाहींत.

तथापि पहाणी कानडींत असते. ज्यास आपल्या जमिनीचा उतारा स्वतः वाचतां येत नाहीं, तो दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतो. इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा आहे कीं वाद आहे, हें दलाल सांगेल तेंच खरें मानावें लागतें. पाण्यांत म्हैस आणि वर मोल, असा तो व्यवहार होतो.

जमिनीचा कायदा

महाराष्ट्रांत १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानें, शेतकरी नसलेल्या मनुष्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. कर्नाटकांतही १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यांत ७९ अ व ७९ ब हीं अशाच आशयाचीं कलमें होतीं, परंतु २०२० सालच्या दुरुस्तीनें तीं उठविलीं गेलीं. याचा अर्थ, तिकडचें दार मोकळें आहे व आपल्या दारावर राखणदार उभा आहे. जो इकडील शेवटचा नंबरही विकून जाईल, त्यास पुढें परत येण्याची इच्छा झाली तर शेतकरीपणाचा पुरावा द्यावा लागेल. शिवाय तिकडच्या मोकळ्या दारानें शहरचा पैसेवालाही आंत येतो, व शेतकऱ्यास जमीन घेतांना त्याच्याशीं स्पर्धा करावी लागते.

दुसरी गोष्ट कुळांची. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. कर्नाटकांत १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यांतील जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या व मग कुळांना देण्यांत आल्या. त्यानंतर, सैनिकादि थोडे अपवाद वगळतां, तेथें जमीन खंडानें लावण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणून इकडे राहून तिकडची जमीन वाट्यानें करावयास देऊं, असा बेत करणारानें तो सोडून द्यावा. कसावयाची असेल तरच घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनुसूचित जाती व जमातींच्या लोकांस सरकारनें दिलेल्या जमिनी सरकारच्या परवानगीशिवाय विकतां येत नाहींत, असा कर्नाटकाचा १९७८ चा कायदा आहे. २०२३ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन, अशी जमीन परत मागण्यास मुदतीची आडकाठी राहणार नाहीं असें ठरलें. तीन पिढ्यांमागें झालेल्या विक्रीमुळेंही आजचा खरेदीदार अडचणींत येऊं शकतो. दुर्बळांच्या रक्षणासाठीं केलेला हा कायदा योग्यच आहे. खरेदीदारानें मात्र मूळ देणगीपर्यंतचे सर्व फेरफार तपासले पाहिजेत. आपल्याकडेही भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीस परवानगी लागते, हें वाचक जाणतातच.

पाणी व वीज

बच्छावत लवादानें कृष्णेच्या पाण्यांतून महाराष्ट्रास ५६० व कर्नाटकास ७०० अब्ज घनफूट पाणी नेमून दिलें. पण शेतकऱ्यास लवादाचें पाणी नव्हे, पाटाचें पाणी लागतें. हिडकल धरणाखालीं घटप्रभेच्या कालव्यावरील जमीन आणि अथणी तालुक्याच्या कोरड्या अंगाची जमीन यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तेंच अंतर आपल्या शिरोळ व जत या तालुक्यांत आहे. उन्हाळ्यांत चिकोडी, रायबाग व अथणी या भागांसाठीं कोयनेंतून पाणी सोडावें, अशी मागणी कर्नाटकास महाराष्ट्राकडे अनेकदां करावी लागली आहे. उलट २००५ व २०१९ सालच्या महापुरांनीं दोन्ही तीर सारखेच बुडविले. म्हणून राज्य पाहण्यापूर्वीं पूररेषा व विहिरीचें वैशाखांतलें पाणी पाहावें.

विजेच्या बाबतींत कर्नाटकानें १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस फुकट वीज पुष्कळ वर्षांपूर्वींच दिली. महाराष्ट्रानें २०२४ सालीं ७॥ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल माफ केलें. दोन्हीकडे वीज मिळते ती ठराविक तासच. रात्रीं दारें धरणाऱ्याच्या पायाखालचा साप कोणतें राज्य आहे हें विचारीत नाहीं.

पैसा व बाजार

पीककर्जाचें व्याज वेळेवर फेडणारास दोन्ही राज्यांत माफ होतें. मर्यादा महाराष्ट्रांत ३ लाख. कर्नाटकानें २०२३ सालीं सहकारी कर्जाची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढविली. दुधासाठीं कर्नाटक सरकार सहकारी संघांच्या उत्पादकांस लिटरमागें ५ रुपये प्रोत्साहन देतें, जरी तें हातीं पडण्यास कधीं कधीं विलंब लागतो. महाराष्ट्रानें २०२४ सालीं गाईच्या दुधास अनुदान दिलें, पण तें ठराविक मुदतीपुरतें. जो दुभत्यावर संसार करतो, त्यानें ही बाब अवश्य तोलावी.

उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवितें, त्यामुळें तेथें फार भेद नाहीं. मात्र दोन कारखान्यांत केंद्राच्या नियमानें १५ किलोमीटर अंतर पुरतें, तर महाराष्ट्रानें तें २५ केलें आहे. कारखाने दूर असले कीं शेतकऱ्याची निवड कमी होते. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें ऊस राज्याबाहेर नेण्यास बंदी केली व शेतकऱ्यांच्या विरोधामुळें ती मागें घ्यावी लागली. बाजारानें सीमा मानलेली नाहीं. विजापूरचा बेदाणा तासगांवास येतो. हळदीस सांगली व गुळास कोल्हापूर हींच नांवें दोन्ही बाजूंच्या लोकांच्या तोंडीं असतात.

स्त्रियांसाठीं कर्नाटकांत २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे मासिक २००० रुपये व सरकारी बसचा मोफत प्रवास, तर महाराष्ट्रांत २०२३ पासून एस. टी.चें अर्धें तिकीट व २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये. अशा रकमा पाहून घर हलवूं नये. आपली एक रुपयाची पीकविमा योजना २०२३ सालीं आली व २०२५ सालीं बंद झाली. कर्नाटकानें केंद्राच्या किसान सन्मान निधीवर घातलेली ४००० रुपयांची भर २०२३ सालीं थांबली. सरकारी देणगी पावसाच्या सरीप्रमाणें आहे, विहिरीच्या झऱ्याप्रमाणें नव्हे.

मुलांचें शिक्षण

कर्नाटकांत २०१५ च्या कायद्यानें सर्व शाळांत कानडी शिकणें सक्तीचें झालें. महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें मराठीचें तसेंच झालें. सहा वर्षांचें मूल दुसरी भाषा सहज उचलतें. दहावींतील मुलाचें मात्र वर्ष धोक्यांत येतें. घरांत म्हातारीं माणसें असतील तर त्यांचाही विचार करावा. नवी भाषा त्यांस येणार नाहीं, व दवाखान्यांत आपलें दुखणें सांगण्यासाठीं त्यांस नातवंडांचें तोंड पाहावें लागेल.

निष्कर्ष

वरील सर्व तोलून पाहतां आमचें मत असें:

१. कर्नाटकांत दप्तराची शिस्त व दुधाचा आधार बरा. महाराष्ट्रांत भाषेची सोय व शेतकऱ्याच्या जमिनीस कायद्याचें कुंपण बरें. एक स्वर्ग व दुसरें नरक, असें कांहीं नाहीं.

२. तिकडे जमीन घ्यावयाचीच असेल तर स्वतः कसण्यासाठीं घ्यावी, व निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती पाहून मग बयाणा द्यावा.

३. पहाणीचें भाषांतर दलालाकडून न करवितां स्वतंत्र वकिलाकडून करवावें. १९७४ पूर्वींपासूनचे फेरफार पाहावे.

४. इकडील सर्व जमीन विकूं नये. निदान एक नंबर आपल्या नांवें ठेवावा.

भावाभावांच्या वाटणीनंतर रागानें जमीन विकून दूर जाणारीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत. राग एका हंगामांत उतरतो, खरेदीखत मात्र उतरत नाहीं. म्हणून स्थलांतराचा निर्णय बांधावरच्या भांडणांत न करितां, घरांतील सर्वांस, विशेषतः बायामाणसांस, विचारून करावा. जमीन पुरुषाच्या नांवावर असते, पण परक्या गांवीं नवा संसार मांडावा लागतो तो त्यांनाच.