टर्बोविना ताकद

पेट्रोल इंजिनात किती पेट्रोल जळणार हे शेवटी हवा ठरवते. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते, हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच. टर्बो असलेल्या इंजिनात ती पंपाने दाबून भरली जाते. नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनात असा कोणताही पंप नसतो. पिस्टन खाली सरकला की बाहेरच्या वातावरणाचा दाबच हवा आत ढकलतो. त्यामुळे इंजिनाची क्षमता न वाढवता ताकद वाढवायची तर तीनच वाटा उरतात: प्रत्येक खेपेला सिलिंडर अधिक भरणे, भरलेल्या मिश्रणातून अधिक काम काढून घेणे आणि हे सारे मिनिटाला अधिक वेळा घडवणे.

वातावरणावर विसंबलेल्या इंजिनाला गावाची उंची आणि ऋतूही जाणवतात. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी असतो. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की १५ अंशांच्या मानाने हवा आणखी ८ ते ९ टक्के विरळ होते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी इंजिनाला मिळणारी हवा प्रमाण स्थितीपेक्षा साधारण १३ टक्क्यांनी कमी भरते. म्हणूनच हवा बॉनेटखालच्या गरम जागेतून न घेता पुढच्या जाळीजवळून, थंड जागेतून घेणे हा सर्वांत स्वस्त बदल ठरतो.

पुढचा प्रश्न मूळ इंजिन कोणते निवडायचे हा. भारतात अनेक दशके शर्यतीच्या हौशी मंडळींच्या हाती फियाट ११०० होती. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. त्यांचा जन्म सोलापूरचा, आणि अकलूजपासून जवळच, नीरेपलीकडे असलेले वालचंदनगर त्यांच्याच नावाचे. त्या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असे आणि लांब पुशरॉड वरचे व्हॉल्व्ह उघडत. हा सगळा जड पसारा फार वेगाने हलवता येत नसे. पुढे आलेल्या मारुती एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट थेट हेडमध्ये होता, त्यामुळे ते अधिक फेरे सहन करू शके. ७४ मिलिमीटर बोअर आणि ७५.५ मिलिमीटर स्ट्रोकचे हे इंजिन हिशेब समजून घ्यायला सोयीचे आहे.

समजा, असे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर १२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेव्हा त्याची ताकद सुमारे ८५ हॉर्सपॉवर होते. तोच टॉर्क ७००० फेऱ्यांपर्यंत टिकवता आला तर ताकद १२० च्या घरात जाते. टॉर्क तसूभरही वाढलेला नसतो, फक्त तोच जोर मिनिटाला अधिक वेळा मिळतो. अडचण अशी की फेरे वाढले की सिलिंडर भरायला मिळणारा वेळ घटतो. तयार इंजिनाचा टॉर्क वरच्या फेऱ्यांना कोसळतो तो यामुळेच. तो कोसळू न देणे हेच या बांधणीचे मुख्य काम.

कामाची सुरुवात हेडपासून होते. हवेच्या वाटेतले ओतकामाचे खडबडीत काठ, गॅस्केटपाशी राहिलेल्या पायऱ्या आणि व्हॉल्व्ह सीटजवळचे कोन हवेला अडवतात. पोर्टिंग म्हणजे हे अडथळे घासून काढणे. भोक जितके मोठे तितके चांगले, हा मात्र गैरसमज आहे. वाट फार रुंद केली तर कमी फेऱ्यांना हवेचा वेग मंदावतो आणि गाडी बाजाराच्या गर्दीत कुंथू लागते. व्हॉल्व्ह सीटवर तीन कोनांचा कट घेऊन व्हॉल्व्ह नीट लॅप करणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

व्हॉल्व्ह केव्हा, किती वेळ आणि किती उघडायचा हे कॅमशाफ्ट सांगतो. या बाबतीत सोलापूर जिल्हा मोटार उद्योगाच्या नकाशावर ठळक आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातील आणि परदेशातील मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. बिडाच्या चिल्ड कॅमशाफ्टमध्ये ओतकामाच्या साच्यातच लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. त्यांना भिडलेले वितळलेले बीड झटकन थंड होऊन लोबचा पृष्ठभाग कठीण होतो, आतला गाभा मात्र तितका ठिसूळ राहत नाही.

शर्यतीच्या कॅमचे लोब व्हॉल्व्ह जास्त काळ उघडा ठेवतात. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. वरच्या फेऱ्यांना बाहेर धावणारा धूर ताज्या मिश्रणाला आत ओढतो, पण आयडलिंगला तोच धूर उलटा आत शिरतो आणि इंजिन अडखळते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला म्हणूनच मध्यम कॅम लागतो. मूळ कॅमच घासून नवा आकार देण्याची पद्धतही आहे, पण त्यात दोन मर्यादा असतात: कठीण थर फार खोल नसतो, आणि बेस सर्कल लहान झाल्यावर टॅपेटची फट पुन्हा जुळवावी लागते. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो. इतक्या वेगात जुनी स्प्रिंग मागे पडली तर व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि पिस्टनवर आदळू शकतो. नव्या कॅमसोबत स्प्रिंगा बदलणे हे ओघानेच आले.

दुसरी वाट कॉम्प्रेशनची. एस्टीमच्या मापाच्या एका सिलिंडरात पिस्टन ३२४.७ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. कॉम्प्रेशन ९.५ ला १ असेल तर वर ३८.२ घनसेंटिमीटर जागा उरते. ते ११ ला १ करायचे तर ही जागा ३२.५ वर आणावी लागते, म्हणजे जेमतेम ५.७ घनसेंटिमीटर कमी करायचे. नुसते हेड फेस मारून हे साधायचे तर मिलिमीटरहून जास्त धातू काढावा लागेल आणि टायमिंगही सरकेल. त्यामुळे फुगीर माथ्याचे पिस्टन, पातळ गॅस्केट आणि थोडे फेसिंग यांचा मेळ घालतात. मिश्रण जास्त दाबले की प्रत्येक थेंबातून अधिक काम निघते, पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपसूक भडकते आणि त्याच्या माऱ्याने पिस्टन फुटू शकतो.

नॉकिंगवरचे एक औषध अकलूजच्या भोवतीच्या शेतांत उगवते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या रसापासून आणि मळीपासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळले जाते. देशात २०२५ मध्ये हे मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषून घेत आत येणारी हवा थंड करते. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला या दोन्ही गोष्टी मानवतात. मात्र इथेनॉलला हवा कमी लागते: २० टक्के मिश्रणासाठी १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन अधिक फवारावे लागते, म्हणून इंजेक्टर आणि पंप पुरेसे मोठे हवेत. जुन्या गाडीतले रबरी होज आणि सीलही इथेनॉल सोसणारे घालावे लागतात.

फेरे वाढले की खरी परीक्षा खालच्या भागाची होते. पिस्टन आणि रॉडवरचा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ८००० वर गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. म्हणून फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड, नवे रॉडबोल्ट, समान वजनाचे पिस्टन आणि बॅलन्स केलेला क्रँक लागतो. बोअरला नेमके होनिंग, रिंगांची योग्य फट आणि बेअरिंगचे क्लिअरन्स यांवर इंजिनाचे आयुष्य ठरते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर अधिक फुगत असल्याने त्यांना भिंतीपासून थोडी जास्त फट द्यावी लागते.

मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबीही ताकद देते. एक्झॉस्ट उघडताच दाबाची लाट नळीतून निघते, टोकाशी परावर्तित होऊन कमी दाबाची लाट बनून परतते. ती ओव्हरलॅपच्या क्षणी पोचली तर ताजे मिश्रण खेचून घेते. चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणारा मॅनिफोल्ड मधल्या फेऱ्यांना साथ देतो, तर थेट चाराची एक नळी वरच्या फेऱ्यांना. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी पहिला प्रकार बहुधा सोयीचा ठरतो.

मद्रास किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर लांब वळणांत इंजिनाखालच्या चेंबरमधले ऑइल एका बाजूला लोटले जाते. पंपाला क्षणभर जरी हवा लागली तरी बेअरिंग जळते. त्यामुळे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, ऑइल कूलर आणि मोठा रेडिएटर हे खर्च टाळता येत नाहीत.

सारे जुळले की गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढते. पूर्ण थ्रॉटलला मिश्रणात पूर्ण ज्वलनाच्या हिशेबापेक्षा सुमारे १५ टक्के अधिक इंधन ठेवून, नॉकिंगच्या सीमेआधी थांबून, फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्याला ठिणगीची वेळ ठरवली जाते. हे मॅपिंग नसेल तर महागडे सुटे भागही वाया जातात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लागू असते: नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. पीयूसी आणि आवाजाची मर्यादाही पाळावी लागते.