शिध्याच्या पिशवीमागची साखळी

क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि साध्या क्षयासाठी ती सहा महिने घ्यावी लागतात, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या सहा महिन्यांत रुग्ण खातो काय, रोजगार बुडाल्यावर घर कसे चालवतो, ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला तर त्याच्या गोळ्या कोण पोचवतो, हे प्रश्न औषधाच्या खिडकीवर सुटत नाहीत. त्यासाठी दवाखान्याबाहेरची माणसे लागतात. ती मिळवायची कशी, त्यांना शिकवायचे काय आणि शेवटच्या महिन्यापर्यंत टिकवायचे कसे, यावर नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत क्षयरोग्यांचे बरेच काही अवलंबून आहे.

या बाहेरच्या माणसांना ‘निक्षय मित्र’ असे नाव आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ९ सप्टेंबर २०२२ रोजी ‘प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियान’ सुरू झाले, तेव्हापासून ही योजना आहे. व्यक्ती, सेवाभावी संस्था, सहकारी संस्था, कंपनी, लोकप्रतिनिधी यांपैकी कोणीही मित्र होऊ शकते. पोषण आहाराची मासिक पिशवी हा मदतीचा मुख्य भाग. त्याखेरीज तपासण्यांचा खर्च किंवा रोजगाराचे प्रशिक्षण यांचा भारही मित्राला उचलता येतो. अट एकच. रुग्णाने स्वतः संमती दिल्यावरच त्याचे नाव मित्राला कळते.

आहाराने काय होते?

जुन्या काळी क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम, हवापालट, दूध आणि अंडी. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने हे चित्र पालटले. औषधे नियमित घेतली तर गरीब वस्तीतल्या घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकाच बरा होतो, हे त्यात दिसले. त्यामुळे लाखो रुग्णांना घरी उपचार मिळू लागले. त्याच वेळी आहाराचा विषय मात्र मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला झारखंडमधून. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसांवर केलेला ‘राशन्स’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांना सहा महिने शिधा दिला होता. निम्म्या घरांत कुटुंबीयांनाही धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांमध्ये दिसलेली गोष्टही तेवढीच महत्त्वाची होती. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता.

४२ किलो वजनाच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोन किलोंच्या आसपास. एवढ्या दोन किलोंसाठी ही सगळी धडपड आहे.

अभियानात प्रौढ रुग्णासाठी सुचवलेल्या मासिक पिशवीत साधारणपणे ३ किलो धान्य किंवा भरडधान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि १ किलो दूधभुकटी किंवा शेंगदाणे असतात. जमल्यास ३० अंडी. म्हणजे रोजचे १०० ग्रॅम धान्य, ५० ग्रॅम डाळ आणि मूठभर शेंगदाणे. घरच्या जेवणाला ही जोड आहे, ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पिशवी घरात आली की ती एकट्याची राहत नाही. पाच माणसांच्या घरात आई आपल्या वाट्याचे शेंगदाणे लेकरांना देणारच. म्हणूनच २०२४ च्या अखेरीस रुग्णाच्या कुटुंबीयांनाही या मदतीच्या कक्षेत घेण्यात आले. सरकारकडून रुग्णाच्या खात्यावर जमा होणारी पोषणाची रक्कमही १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली.

मित्र कुठे शोधायचे?

मोठ्या देणगीदाराकडे आधी जावे, असा सर्वसाधारण समज असतो. पण या कामाला पैशापेक्षा सातत्य जास्त लागते. दर महिन्याला ठरल्या तारखेला पिशवी देऊ शकेल अशी छोटी संस्था ही एकदाच शंभर पिशव्या वाटणाऱ्या मोठ्या संस्थेपेक्षा रुग्णाच्या जास्त उपयोगाची.

या दोन जिल्ह्यांत अशा संस्थांची वाण नाही. लातूरची तूरडाळ देशभर जाते. ज्या शहरात डाळमिलची रांग आहे, तिथे दीड किलो डाळीसाठी अडायचे कारण नाही. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरची परंपरा आहे. भुकेल्याला जेवू घालणे ही गोष्ट त्या शहराला नव्याने शिकवावी लागत नाही. बाजार समित्या, साखर कारखाने, पतसंस्था, महिला बचत गट, शिकवणी वर्गांचे चालक, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना यांच्यापर्यंत नेमकी मागणी घेऊन जायला हवे. ‘क्षयरुग्णांना मदत करा’ असे मोघम आवाहन ऐकून माणसे माना डोलावतात. ‘तुमच्या तालुक्यातले चार रुग्ण, सहा महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला’ असे सांगितले की हिशेब मांडून उत्तर देतात.

वाटपही पाहावे लागते. मित्र शहरात सहज मिळतात, किनवट-माहूरच्या पाड्यांवर किंवा जळकोटच्या वाड्यांवर मिळत नाहीत. म्हणून शहरातल्या संस्थेने दूरचा रुग्ण घ्यायचा आणि पिशवी पोचवायला गावातली आशा ताई किंवा बचत गट जोडून घ्यायचा, अशी जोडी लावावी लागते.

प्रशिक्षणात काय हवे?

मित्र झाला म्हणजे काम कळले असे नाही. दोन-तीन तासांच्या प्रशिक्षणात किमान चार गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात.

पहिली, रोगाची भीती. क्षय हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे किंवा हस्तांदोलन यांतून नाही. योग्य औषधे नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका बराच घटतो. हे न कळलेला मित्र पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून निघून जातो आणि सारी गल्ली ते पाहते.

दुसरी, गुप्तता. किट वाटपाचा फोटो, मागे फलक, पुढे रांगेत रुग्ण, हे दृश्य ओळखीचे आहे. त्या रांगेतल्या मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर पुढच्या महिन्यात ती येत नाही. पिशवीलाही नाही आणि कधीकधी गोळ्यांनाही नाही. संमती मदतीसाठी दिलेली असते, छायाचित्रासाठी नव्हे.

तिसरी, काय विचारायचे आणि कोणाला कळवायचे. लघवी केशरी होणे हा रिफॅम्पिसिनचा परिणाम, त्याला घाबरायचे कारण नाही. पण डोळे पिवळे पडणे, सततच्या उलट्या, नजर अंधूक होणे, हातापायाला मुंग्या येणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचे. मित्राने स्वतः गोळी बंद करायला सांगायचे नाही. मधुमेह असलेल्याच्या पिशवीत काय असावे, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे.

चौथी, वजन. पिशव्या किती वाटल्या याच्या नोंदीबरोबर रुग्णाचे वजन दर महिन्याला लिहिले गेले पाहिजे. गोळ्यांची संख्याही वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोंच्या प्रौढाला रोज तीन, ५० ते ६४ किलोंना चार. वजन वाढत नसेल तर पिशवी घरी पोचते का, पोटात जाते का, की आजारच दाद देत नाही, हे पाहण्याची ती वेळ असते.

साखळी तुटते कुठे?

मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला निघतात. समजा, एका जोडप्यातल्या पुरुषाला सप्टेंबरमध्ये क्षयाचे निदान झाले. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आजारी पडला तर दोघांची मजुरी बुडते आणि उचल अंगावर राहते. तो थांबत नाही, फडावर जातो. गावातला मित्र पिशवी घेऊन येतो तेव्हा घराला कुलूप असते.

निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. पण तो कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडावर गेला, हे आधी कोणीतरी सांगावे लागते. ते माहीत असते मुकादमाला. म्हणजे आरोग्य खात्याच्या यादीत नसलेला मुकादम, कारखान्याचा शेतकी विभाग आणि शेजारी राहिलेली म्हातारी आई हे तिघेही या साखळीचे दुवे आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादहून कामासाठी तेलंगणात जाणाऱ्यांचेही तेच. तिथे तर राज्यच बदलते.

साखळीत इतर सरकारी दारेही आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षयासारख्या दुर्धर आजाराच्या रुग्णांना अर्ज करता येतो, तो तहसीलमध्ये. एसटीच्या भाड्यात सवलत आहे. त्यासाठी दाखला लागतो. घरात लहान मूल असेल तर अंगणवाडी आहे. प्रत्येक दार वेगळ्या इमारतीत आहे आणि तापाने फणफणलेल्या माणसाला ती सारी ठोठावता येत नाहीत. प्रशिक्षित मित्राने एका अर्जासाठी जरी सोबत केली, तरी तिचे मोल एखाद्या पिशवीएवढे असते.

लातूरला हा धडा एकदा मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून संस्था धावून आल्या, ५२ गावे नव्या जागी वसली. आखीव रस्त्यांच्या काही वसाहती गावकऱ्यांना आपल्याशा वाटल्या नाहीत. पुढे घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या टप्प्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून तयार करण्यात आले. योजना काय आहे, पैसे कसे मिळतात, बांधकाम कसे तपासायचे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला सांगितले. मदत बाहेरून आली, तिचा हिशेब गावातल्या बायकांनी ठेवला. क्षयरुग्णाच्या पिशवीलाही तशी गावातली डोळस माणसे हवी आहेत.

मित्र व्हायचे असेल तर

निक्षय संकेतस्थळावर नोंदणी करता येते. न जमल्यास जिल्हा क्षयरोग केंद्र किंवा तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात भेटावे. १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांकही आहे. नोंदणीपूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: सहाव्या महिन्यात, कौतुक करणारे कोणी नसताना, पिशवी पोचेल ना? उत्तर होकारार्थी असेल तर एका रुग्णापासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या माणसाचे वजन काट्यावर दोन किलो जास्त भरले, की दुसरा रुग्ण घ्यावा.