सौंसरचं नाव भूगर्भशास्त्रात, पांढुर्ण्याचा गोटा ज्वालामुखीचा : आपल्या दोन तहसिलींच्या पाच नवलाच्या गोष्टी

पांढुर्णा/सौंसर : 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधी पांढुर्णा आणि सौंसर या छिंदवाडा जिल्ह्याच्या दोन तहसिली होत्या. त्याच दिवशी मैहर जिल्हाही झाला आणि मध्य प्रदेशात जिल्ह्यांची संख्या 55 वर गेली. जिल्हा नवा असला तरी माती, झाडं, रूळ अन् रिवाज जुनेच आहेत. रोज पाहून सवयीच्या झालेल्या यातल्या काही गोष्टी बाहेरच्याला सांगितल्या तर तो चकित होतो. अशाच पाच गोष्टी आणि त्यांच्यामागची कारणं.

1. सौंसर नावाचा खडक

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलाला, तो कोलकात्याचा असो की चेन्नईचा, ‘सौंसर’ हे नाव पाठ करावंच लागतं. ‘सौंसर समूह’ हा भारतातल्या प्राचीन खडकांचा एक मोठा गट आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट अशा पट्ट्यात तो पसरला आहे. देशातलं बरंचसं मँगनीज याच पट्ट्यातून निघतं. या समूहाच्या थरांची नावंही आपल्या ओळखीची आहेत : मनसर, चोरबावली, बिछुआ. एसटीच्या पाटीवर दिसणारी गावं पुस्तकात खडकांचे थर होऊन बसली आहेत.

शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी इथं समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ साचला, त्यात मँगनीज होतं. पुढं हा गाळ जमिनीच्या पोटात खोल दबला, तापला, वळ्या पडल्या आणि त्याचे कठीण खडक झाले. आज ते मँगनीज पोलाद बनवायला लागतं. मँगनीजमुळं पोलादाला मजबुती येते, त्यातल्या गंधकाचा उपद्रवही कमी होतो.

इंग्रजांच्या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातल्या लुईस ली फर्मर या अधिकाऱ्यानं हा पट्टा पायाखाली घातला. देशातल्या मँगनीजवर त्याचा मोठा ग्रंथ 1909 मध्ये निघाला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यानं गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. ते नाव आजही जगभर चालतं. आपल्याच भागातल्या सितापारच्या खाणीतल्या एका खनिजाला त्यानं ‘सितापाराइट’ म्हटलं. पण हे खनिज म्हणजे आधीच नोंद झालेलं ‘बिक्सबाइट’च आहे, हे पुढं सिद्ध झालं. विज्ञानात आधी ठेवलेलं नाव टिकतं. त्यामुळं सितापारचं नाव मुख्य यादीतून गेलं आणि जुन्या ग्रंथांत राहिलं.

2. नदीतला गोटा कुठून आला?

सौंसरकडचा खडक समुद्रातला, तर पांढुर्ण्याकडचा आगीतला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरांवर थर साचत गेले. तो थिजून झालेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी आणि पांढुर्ण्याच्या शेतातली काळी माती, हे सगळं त्याचंच. जाम नदीच्या पात्रातले काळे गोटे बहुतेक याच जातीचे.

हा दगड जड असतो, पाण्याच्या जवळपास तिप्पट. मध्यम आकाराचं संत्रं साधारण दीडशे ग्रॅमचं भरतं. तेवढ्याच आकाराचा बेसॉल्टचा गोटा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास जातो. हा आकडा ध्यानात ठेवा, पाचव्या गोष्टीत तो लागणार आहे.

3. एक जिल्हा, दोन रेल्वे

पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी या दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहे. ते मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात येतं. सौंसर स्टेशन नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे, ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात. म्हणजे दोन्हीकडं ‘नागपूर मंडळ’ असंच लिहिलेलं, पण एकाचं मुख्यालय मुंबईला, दुसऱ्याचं बिलासपूरला. जिल्हा एक झाला तरी पांढुर्ण्याहून सौंसरला थेट रूळ नाही. रेल्वेनंच जायचा हट्ट धरला तर आधी नागपूर गाठायचं, मग इतवारीहून दुसरी गाडी धरायची. रस्त्यानं हेच अंतर तासाभराचं.

सौंसरची लाइन आधी नॅरोगेज होती, दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजचं अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. सातपुड्याच्या घाटात वळणं अरुंद अन् खर्च कमी, म्हणून तेव्हा छोटी लाइन टाकली गेली. आता ती ब्रॉडगेज झाली आहे. जुन्या छोट्या गाडीची याद ज्यांना येते त्यांनी नागपूरच्या मोतीबाग इथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहून यावं. मुलांना तर दाखवावंच.

4. हिरवं संत्रं आंबटच असतं का?

नाही. गिऱ्हाईक मात्र रंग पाहून भाव करतो आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

संत्र्याच्या सालीत हिरवं हरितद्रव्य असतं आणि त्याच्याखाली पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं. रात्री थंड झाल्या की हरितद्रव्य मोडतं आणि खालचा रंग वर दिसतो. आतला गोडवा वेगळ्या हिशेबानं वाढतो. आंबिया बहाराचा फुलोरा फेब्रुवारीच्या सुमारास येतो आणि फळ ऑक्टोबरपासून तोडणीला येतं. तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात. त्यामुळं फळ आतून तयार, पण साल हिरवट, असं होऊ शकतं. मृग बहाराचं फळ थंडी खाऊन येतं, म्हणून त्याला रंग चांगला चढतो. व्यापारी इथिलीन वायू देऊन रंग आणतात. त्यानं साल पिवळी होते, फळाची गोडी मात्र वाढत नाही. त्यामुळं खरेदी करताना रंगाच्या आधी वजन पाहावं. हातात जड लागणारं फळ बहुधा रसदार निघतं.

बहार धरायची युक्तीही नवलाचीच. झाडाचं पाणी ठरवून तोडायचं, त्याला ‘ताण’ म्हणतात. झाड कोरडं पडलं की वाढ थांबते, नंतर पाणी मिळताच फुलोरा फुटतो. आंबियासाठी हिवाळ्यात, मृगासाठी मे महिन्यात ताण देतात. ताण कमी झाला तर फूल विरळ येतं, जास्त झाला तर झाडच खचतं. पाऊस अवेळी आला की सगळं गणित बिघडतं. बागाईतदाराची झोप उडते ती याच दिवसांत.

आणखी एक गोष्ट : आपल्या बगिच्यातलं संत्र्याचं झाड जमिनीखाली संत्र्याचं नसतंच. खाली बहुधा जंबेरीचा खुंट असतो आणि त्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. अशी कलमं तयार करणाऱ्या रोपवाटिकांसाठी शेजारच्या वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडचं कलम, अलीकडची माती, अन् बाजारात गेल्यावर नाव मात्र ‘नागपुरी संत्रा’.

5. पोळ्याची कर : एकच दिवस, दोन रीती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि पांढुर्ण्यात गोटमार होते. नागपूरच्या काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. रोगराई अन् संकटं बाहुलीबरोबर गावाबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडं जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या लोकांनी झाड तोडून झेंडा आणायचा, सावरगावच्यांनी अडवायचं, आणि दोन्हीकडून गोटे. शेवट चंडीमातेच्या मंदिरात होतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असताना दोघांवर दगड पडले, ही त्यामागची आख्यायिका सगळ्यांनाच पाठ आहे.

या दिवशी दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत, कुणाचे डोळे गेले आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण गोटे काही सुटले नाहीत.

चेंडू आणि गोट्यात फरक काय, हे साध्या हिशेबानं कळतं. साडेचारशे ग्रॅमचा गोटा ताशी 72 किलोमीटर वेगानं आला तर त्यात साधारण 90 ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा. वेगवान गोलंदाजानं तो ताशी 140 किलोमीटरनं टाकला तर ऊर्जा 120 ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे नदीतला गोटा त्या चेंडूच्या पाऊण ताकदीचा. पण फलंदाजाला हेल्मेट असतं, पॅड असतात, आणि चेंडू एका वेळी एकच येतो. इथं डोकं उघडं असतं आणि गोटे चारी बाजूंनी येतात.

गोफण वापरली तर धोका किती वाढतो, तेही याच हिशेबात आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हाताच्या फेकीपेक्षा गोफणीचा वेग जास्त, म्हणून ज्वारीवरची पाखरं हाकलायचं हे साधन माणसांच्या गर्दीत घातक ठरतं. रबरी चेंडू दबतो, त्यामुळं त्याचा मार थोडा लांबतो आणि पसरतो. बेसॉल्ट दबत नाही. दबतं ते हाड.

रीत ठेवायची की बदलायची, हे दोन्ही काठांच्या लोकांनीच ठरवायचं आहे. झाड, झेंडा, चंडीमाता आणि कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरणारे गडी हे सगळं गोट्यावाचूनही राहू शकतं. तोवर निदान पाहायला जाणाऱ्यांनी एवढं करावं : लहान मुलांना काठावर आणि पुलावर नेऊ नये, गोट्याच्या टप्प्यात उभं राहू नये. आणि डोक्याला मार लागला तर रक्त थोडं दिसतं म्हणून घरी न जाता तिथल्याच आरोग्य शिबिरात दाखवावं. डोक्याच्या आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. उलटी, झापड किंवा बोलण्यात गडबड काही तासांनीही सुरू होऊ शकते. असं काही दिसलं तर रात्र काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.