चाळीस एकर आणि एक ओढा

जमीन ज्याच्या हातीं, त्याच्या शब्दास वजन, हा अनुभव बहुतेक देशांत सारखाच आहे. एकोणिसाव्या शतकांत ऑस्ट्रेलियांतील वसाहतींनीं सामान्य कुटुंबांस शेतजमीन मिळावी म्हणून कायदे केले, त्यांपैकीं एकाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १८५१ मध्यें न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया येथें सोनें सांपडलें आणि हजारों माणसें तिकडे लोटलीं. वरवरचें सोनें सरल्यावर त्यांस शेतीची ओढ लागली. परंतु मेंढ्यांचे कळप बाळगणाऱ्या धनिकांनीं चांगलीं कुरणें आधींच अडविलीं होतीं. या धनिकांस तेथें ‘स्क्वॉटर’ म्हणत. सरकारास थोडें भाडें देऊन ते अफाट मुलूख वापरीत.

पुढें जॉन रॉबर्टसन यांच्या पुढाकारानें न्यू साउथ वेल्समध्यें १८६१ चे जमिनीचे कायदे झाले. सरकारी जमिनींतून, मग ती स्क्वॉटरच्या भाडेपट्ट्याची कां असेना, ४० ते ३२० एकरांचा तुकडा मोजणीपूर्वींच निवडण्याची मुभा मिळाली. किंमत एकरीं १ पौंड. पैकीं ५ शिलिंग आगाऊ भरावयाचे. निवडणाऱ्यानें तीन वर्षें तेथेंच राहावें व जमिनींत सुधारणा करावी, अशी अट होती.

कायदा उदार खरा. परंतु त्या रुक्ष प्रदेशांत जमिनीचें मोल पाण्यावर ठरे. स्क्वॉटरांनीं नोकरांच्या व नातलगांच्या नांवानें बेनामी तुकडे घेतले, तेही ओढ्याकांठचे व पाणवठ्यांभोंवतालचे. मोराच्या इंग्रजी नांवावरून या युक्तीस ‘पीकॉकिंग’ म्हणत. पाणी एकदां हातीं आलें, कीं मागची कोरडी जमीन दुसरा कोण घेणार?

ज्या कुटुंबांस तुकडा मिळाला, त्यांचीही कसोटीच होती. झाडें तोडावयाचीं, सालींच्या छपराची झोंपडी उभारावयाची, कुंपण घालावयाचें. हप्त्यासाठीं पैसा हवा म्हणून पुरुष मेंढ्यांची लोकर कातरण्यास दूर जात आणि शेत, गुरें व मुलें स्त्रिया सांभाळीत. पुष्कळांनीं कर्जापायीं जमीन गमावली. चिकाटीनें टिकलेल्यांचीं शेतें मुलांनातवंडांकडे गेलीं. अखेर १८८४ च्या कायद्यानें स्क्वॉटरांच्या मोठ्या कुरणांचे दोन भाग केले व एक भाग नव्या शेतकऱ्यांस खुला ठेवला.

या सर्व भांडणांत तिसऱ्या पक्षास कोणी विचारलें नाहीं. हजारों वर्षें त्या भूमीवर नांदलेल्या मूळ रहिवाशांचा हक्क दोन्ही पक्षांच्या लेखीं नव्हताच. १९९२ सालीं माबो खटल्यांत तेथील सर्वांत वरिष्ठ न्यायालयानें त्यांचा परंपरागत हक्क प्रथमच मान्य केला.

जमिनीच्या कायद्याची पारख करतांना किती एकर वांटले एवढेंच पाहणें पुरेसें नाहीं. पाणी कोणाच्या हातीं राहिलें आणि ती जमीन मुळांत कोणाची होती, हे प्रश्नही विचारले पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.