आधी पाणी, मग रजा : काश्मीरमध्ये ट्राउट गरवायला जाताना

बरेच जण विचारतात, "काश्मीरला फ्लाय फिशिंगला जायचंय, तिकीट कधीचं काढू?" आजचा भाग त्यावरच. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

माझे बाबा मालवणकडचे. खाडीवर गरवायला जायचे ते तिथी बघून. आज उधाण आहे की भांग, भरती किती वाजता, हे कळल्याशिवाय गरी हातात घ्यायचे नाहीत. आणि मी? ऑफिसात जूनच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळाली म्हणून त्यांना घेऊन पहलगाम गाठलं. लिद्दर नदी फुगलेली, पाणी गढूळ. चार दिवसांत एक मासा नाही. बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "अरे, तू रजा बघितलीस. पाणी कुठे बघितलंस?"

तर मंडळी, पहिला मुद्दा पाण्याचा. ट्राउट थंड, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा. तो मूळचा काश्मीरचा नाहीये. ब्रिटिश काळात, 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून तो तिथे रुजला. खाणं तो बऱ्याच अंशी डोळ्यांनी शोधतो. त्यामुळे मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी गढूळलं, की तुमची फ्लाय त्याला दिसतच नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाणी सहसा उतरतं, निवळतं. नवख्याने तेव्हाच जावं.

डोंगरातल्या नदीला रोजची भरती-ओहोटीही असते, बरं का. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खाली येतं. रात्री वर गारठा पडला, की सकाळी पात्र उतरलेलं असतं. म्हणून वितळणीच्या दिवसांत सकाळ धरा. आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परत ओलांडता येईलच असं समजू नका. हे जिवावर बेतू शकतं.

दुसरा मुद्दा परवान्याचा. काश्मीरमध्ये ट्राउटच्या नद्यांचे टप्पे पाडलेत, त्यांना बीट म्हणतात. मत्स्यविभागाचा परवाना ठरावीक बीटचा आणि ठरावीक दिवसाचा असतो, आणि एका बीटवर मोजक्याच जणांना सोडतात. म्हणून आधी बीटची तारीख पक्की करा, मग विमानाचं तिकीट काढा. परवाना घेताना तीन गोष्टी विचारा : हंगाम कधी संपतो, फक्त फ्लाय चालते की इतर आमिषही, आणि किती व केवढे मासे ठेवता येतात. नियम बदलतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

तिसरा मुद्दा : नदी की तळी? विशनसर, कृष्णसर, गंगाबल, नुंदकोल या तळ्यांत ट्राउट आहे, पण तिथे गाडी जात नाही. सोनमर्गहून विशनसर म्हणजे निचनई खिंड ओलांडून साधारण दोन दिवसांची चाल, आणि तळं साडेतीन हजार मीटरच्याही वर. श्रीनगर साधारण 1,600 मीटरवर आहे. मुंबईहून उतरून थेट वर पळू नका, सोनमर्गला एक-दोन रात्री काढा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. वाटा साधारण जुलै ते सप्टेंबर चालतात, सुरक्षेमुळे कधी बंदही असतात. ओळखपत्राच्या प्रती ठेवा. आणि हो, बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घ्या.

आता सामान. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गळावर बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नसतं, म्हणून तो फेकायला जड दोरी लागते. आपल्या गरीच्या बरोबर उलटं. नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड नवख्याला पुरतो. तरंगणाऱ्या फ्लाय दिसायला छान, पण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली होतं, तेव्हा बुडणाऱ्या निम्फ जास्त घ्या. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या मागून जा. तळ्यावर ओढा जिथे आत येतो किंवा बाहेर पडतो, तिथे आधी टाका. पोलराइज्ड चष्मा आणि हातात काठी हवीच.

सरावाला काश्मीरची वाट बघू नका. घराजवळच्या मैदानात, गळ न लावता, महिनाभर रोज वीस मिनिटं दोरी फेका.

दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये आम्ही परत गेलो. खरं तर बाबांना गंगाबल बघायचं होतं. पण तोवर त्यांचे गुडघे गेले होते. माझ्या त्या एका घाईची ही किंमत. आम्ही लिद्दरच्याच बीटवर बसलो. तिसऱ्या सकाळी त्यांना वीतभर ब्राउन ट्राउट लागला. मी म्हटलं, "बाबा, लहान आहे, सोडूया." ते म्हणाले, "एवढ्या लांब येऊन सोडायचा?" मग स्वतःच हात ओले करून त्यांनी तो पाण्यात धरला. दमलेल्या माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, तो आपणहून निघेपर्यंत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओले.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा : पाणी, परवाना, पाय, आणि मग रजा. बरोबर कोणी वयस्कर येणार असेल, तर पाय सगळ्यात आधी. पुढच्या भागात भेटूया, निम्फ घरी कशी बांधायची ते घेऊन.